एक जास्त येतो

...आणि वर मला विचारतो, "एकच जास्त येतो ना? दोन नाही ना?"

आता तुम्हीच सांगा, दोन आले असते तर काय फरक पडला असता? फॉर्म वेगळा असतो का? तर असतो! अहो, खरंच असतो! एकच तक्रार असली तर पांढरा, एकाहून जास्त असल्या तर गुलाबी. विम्याच्या खिडकीतल्या त्या माणसाने दोन्ही फॉर्म काढून माझ्यापुढे धरले, कापडाच्या दुकानात ताग्यावरचं कापड उलगडून दाखवतात ना, तसे. म्हणाला, "नीट विचार करून सांगा. एकदा पांढरा भरला की गुलाबी मिळत नाही." मी म्हटलं, बाबा रे, एकच. एकच जास्त येतो. दे पांढरा!

थांबा, थांबा. असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला वाटेल, ह्या माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. वाटू द्या! झालाय की नाही ते सांगणारा माणूस शोधतोय ना मी सहा महिने!

तर मी पोहण्याच्या तलावावर असतो. कागदावर जीवरक्षक, पाण्यातली माणसं शिट्टीमामा म्हणतात. एकोणीस वर्षं त्या उंच खुर्चीवर बसतोय. लोकांना वाटतं, काय मजेची नोकरी, पाण्याकाठी बसायचं, गळ्यात शिट्टी, पायात चपला. बसून असतो हे खरं, पण बसून करतो काय? मोजतो! डोकी मोजतो. गेटवरची पासवाली ताई एकेकाचा पास बघून आत सोडते आणि खिडकीबाहेरच्या पाटीवर खडूने आकडा लिहिते, चांगला हातभर मोठा. मी खुर्चीवरून पाण्यातली डोकी मोजायची. पाटीवर तेवीस, पाण्यात तेवीस, झालं, मी सुखी. दर दहा मिनिटांनी. बुडी मारलेला कसा धरायचा, शिडीला लटकलेला कसा धरायचा, दोघं एकमेकांच्या खांद्यावर चढली तर काय करायचं, सगळं पाठ. एकोणीस वर्षांत मोजणी चुकली नाही. आता तर कुठेही गेलो तरी डोकी आपोआप मोजली जातात. तुम्हालासुद्धा मोजलंय मी मघाशी. किती, ते सांगत नाही.

आणि मग एका सोमवारी, संध्याकाळच्या बॅचला, पाटीवर तेवीस आणि पाण्यात... चोवीस.

म्हटलं, ऊन डोळ्यावर येतंय. पुन्हा मोजले. चोवीस. खुर्चीवरून उतरलो, कडेकडेने फिरून मोजले. चोवीस! फुंकली शिट्टी. "सगळे बाहेर! भिंतीला लागून उभे राहा!" निघाले बिचारे कुरकुरत. ते दातांचे डॉक्टर, जे पाण्यातसुद्धा समोरच्याच्या तोंडात बघतात, त्या तिघी मैत्रिणी, ज्या कधीच पोहत नाहीत, गळ्याइतक्या पाण्यात उभ्या राहून नुसत्या बोलतात, सगळे भिंतीला लागून थरथरत उभे. मोजले. तेवीस. म्हटलं, जा, उतरा. उतरले. मोजले.

एक जास्त!

म्हणजे बघा हं, बाहेर काढले की बरोबर, पाण्यात सोडले की एक जास्त. आणि तो जास्तीचा कोण, म्हणाल तर सगळे ओळखीचे! एकही चेहरा नवा नाही. एकेकावर बोट ठेवून म्हणत जातो, हा अमुक, ही तमुक, हा अमुक... आणि शेवटी नावं संपतात आणि माणूस उरतो.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. एका बॅचला चार-चार वेळा पाणी रिकामं करायला लागलो. दातांचे डॉक्टर म्हणाले, "शिट्टीमामा, आम्ही पोहायला येतो की कवायतीला?" मैत्रिणींपैकी एक म्हणाली, "आमचं बोलणं दर वेळी अर्धवट राहतं हो!"

तलावापुरतं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, पाण्याचा खेळ आहे. पण एके दिवशी दुपारी घरी ताटं मांडली मी. आमचं घर चौघांचं. आई, बायको, मुलगी, मी. बायकोने पातेलं आणून ठेवलं आणि तशीच उभी राहिली. म्हणाली, "अहो, कोण येणारे?"

"कोणी नाही. का?"

"मग पाचवं ताट कोणाचं?"

मी मोजली. पाच. मीच मांडलेली, माझ्या हाताने. मुलगी माझ्याकडे बघते, बायको ताटाकडे बघते, आणि आई... आई एवढं शांतपणे म्हणाली, "राहू दे गं. मांडलंय तर राहू दे. असं उठवू नये कोणाला." 

कोणाला?! अहो, पाठीवरून सरसरून काटा गेला माझ्या! तिला आजकाल कमी दिसतं, कमी ऐकू येतं, पण नेमकं नको तिथे बोलते. जेवलो आम्ही चौघं, पाचव्या ताटाकडे न बघता. बायकोने हात धुताधुता निकाल दिला, "उद्याच्या उद्या कोणाला तरी दाखवा. हे माझ्या आवाक्यातलं नाही."

तोपर्यंत आमच्या साहेबांकडेही तक्रार गेली होती. साहेब म्हणजे तलावाचे व्यवस्थापक, ज्यांना स्वतःला पोहता येत नाही. मला बोलावलं, दार लावून घेतलं, आवाज खाली आणला. "हे बघा, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण लोक घाबरायला लागलेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र आणा की तुम्ही ठीक आहात. साधा नको, क्लिनिकलच. आणि सरकारी विम्याच्या यादीतलाच. दुसऱ्या कोणाचं पत्र ऑफिस घेत नाही."

घरी येऊन मुलीला विचारलं, ती कॉलेजात आहे, तिला असलं कळतं. म्हणाली, "सोपं आहे बाबा. गोळ्या लिहून देतो तो सायकिअ‍ॅट्रिस्ट. समोर बसवून बोलतो तो सायकॉलॉजिस्ट."

"आणि क्लिनिकल?"

"जो मिळत नाही तो."

मी हसलो. तुम्हीही हसलात. हसा, हसा!

विम्याचं कार्ड आहे आमच्याकडे, माझा फोटोही आहे त्यावर, शेजारच्या गल्लीतल्या कोणाचा तरी वाटतो, पण आहे. यादी मिळाली. सतरा नावं! म्हटलं, सतरा म्हणजे चंगळच की. पहिल्या नंबरावर फोन लावला. तिकडून घर्रघर्र मशीनचा आवाज आणि एक माणूस. "बोला."

म्हटलं, "मानसशास्त्रज्ञ का?"

"पडदे," तो म्हणाला. "पडदे शिवून देतो. हा नंबर मला मिळून दोन वर्षं झाली. तुम्ही विम्याच्या यादीतून ना? रोज तीन-चार येतात. बोला, काय होतंय तुम्हाला?"

"नाही, पण तुम्ही तर पडदे..."

"अहो, हात कामात आहेत, कान रिकामे आहेत. बोला!"

आणि तुम्हाला सांगतो, मी बोललो! सगळं सांगितलं. पाटी, पाणी, ताट. मशीन थांबलं त्याचं. म्हणाला, "मी काय सांगणार? पण लवकर बघा कोणीतरी. एक माणूस होता, रोज अकराच्या सुमाराला फोन करायचा. छान बोलायचा. जिने चढताना मागून कोणीतरी येतं म्हणायचा. मीही ऐकायचो. आता तीन आठवडे झाले..."

"बरा झाला?"

"फोन येत नाही," तो म्हणाला. आणि मशीन सुरू केलं.

मी पुढचा नंबर फिरवला. दुसरी बाई म्हणाली, "आम्ही अठराच्या आतलेच बघतो." म्हटलं, मी शेहेचाळीसचा. "मग तुमचा त्रास अठराच्या आत सुरू झालाय का?" तिसरा नंबर लागेना. चौथ्याला लागला, त्याच्या मुलाने उचलला, म्हणाला, "बाबांना जाऊन वर्ष झालं. त्यांचं नाव काढा म्हणून आम्हीच मागे लागलोय, पण विमेवाले म्हणतात, त्यांनी स्वतः अर्ज केला पाहिजे." पाचवे गृहस्थ भले होते. म्हणाले, "मी योजना सोडली."

"का हो?"

"तुम्ही विम्याच्या ऑफिसात कधी गेलायत?"

"नाही."

"एकदा जाऊन या. मग विमाबिमा सोडा, तसाच बघेन मी तुम्हाला. गरज पडेल."

म्हणून गेलो त्या ऑफिसात! तिथलाच तो खिडकीतला माणूस. टेबलावर रबरी शिक्क्यांची चवड, कपाळावर चष्मा. पांढरा फॉर्म भरला. त्याने वाचला. "मोजताना एक जास्त येतो," मोठ्याने वाचलं हो त्याने, मागे पंधरा माणसं रांगेत उभी! मग एक जाडजूड वही काढली, त्यात आजारांचे नंबर. पानं उलटतोय, उलटतोय... "एक जास्त... एक जास्त... जास्त दिसणं! हां. डोळ्यांच्या विभागात जा."

"अहो, डोळे नाहीत, डोकं..."

"वहीत डोळे आहेत!"

गेलो डोळ्यांच्या विभागात. काय करता? डॉक्टरीणबाईंनी अंधाऱ्या खोलीत बसवलं, डोळ्यात दिवा मारला, अक्षरं वाचून घेतली. "एकाचे दोन दिसतात का?" म्हटलं, नाही. तेविसाचे चोवीस दिसतात. त्यांनी पुन्हा दिवा मारला. बराच वेळ आत बघत बसल्या. मग दिवा विझवला आणि म्हणाल्या, "डोळे उत्तम आहेत तुमचे. विशीतल्या मुलासारखे. तुम्हाला जे दिसतं, ते समोर असतंच."

अहो, असं बोलतात का माणसाला? अंधाऱ्या खोलीत!

तो कागद घेऊन पुन्हा खिडकी. खिडकी म्हणते, डोळे ठीक आहेत ना, मग आता गोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, त्याशिवाय बोलण्याच्या डॉक्टरांकडे जाता येत नाही. गोळ्यांचे डॉक्टर मोठ्या सरकारी दवाखान्यात. सकाळी गेलो, दुपार कलली तेव्हा आत बोलावलं. मान वर न करता विचारलं, "झोप?"

"येते."

"भूक?"

"लागते."

"मरावंसं वाटतं?"

"नाही."

"मग आलात कशाला?"

सांगितलं. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. दमलेला माणूस होता हो, चेहऱ्यावरून कळत होतं. म्हणाले, "त्याच्याआधी तलावावर काही घडलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

"नक्की?"

"नाही, काही नाही."

त्यांनी चिठ्ठी लिहिली. "हे बोलण्याचं काम आहे. माझ्याकडे माणशी चार मिनिटं असतात. पुढचा!"

आता तुम्हाला सांगतो. त्यांना नाही म्हणालो, बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही, पण तुम्हाला सांगतो. घडलं होतं.

आमच्याकडे एक कासवकाका यायचे. जमिनीची मोजणी करायच्या खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, काठाकाठाने इतके सावकाश पोहायचे की पाणी हलायचं नाही. त्या सोमवारच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. संध्याकाळची शेवटची बॅच सुटली, मी शिट्टी मारली, सगळे बाहेर आले, कपडे बदलायला गेले. पाणी कसं काचेसारखं सपाट. मी खुर्चीवरून उतरलो, रबरी चाकं गोळा करायला लागलो. आणि खोल बाजूला एक पिवळी टोपी तरंगताना दिसली.

नुसती टोपी.

मारली उडी. तळाला होते. मांडी घालून बसल्यासारखे, अगदी निवांत. वर काढलं, छाती दाबली, तोंडातून पाणी काढलं, आणि खोकले हो काका! खोकले! लोक धावले, कोणी रडलं, कोणी टाळ्या वाजवल्या. काका चार दिवसांत घरी गेले. साहेबांनी माझा सत्कार केला, फुलांचा गुच्छ दिला, फोटो काढला, तो ऑफिसात लावलाय. खाली लिहिलंय, 'प्रसंगावधान.'

प्रसंगावधान! अहो, त्या दिवशी मी मोजलंच नव्हतं! बाहेर येणारी डोकी मोजायची असतात, एकोणीस वर्षं मोजली, त्या दिवशी नाही मोजली. का? काही कारण नाही. मनात काहीसुद्धा नव्हतं. नळाच्या वायसरचा विचार करत होतो! किती वेळ ते तळाशी होते? अर्धा मिनिट? दोन मिनिटं? मला माहीत नाही. टोपी निसटली नसती तर मी दिवे बंद करून, कुलूप लावून घरी गेलो असतो. आणि काका... काका त्यानंतर तलावावर आले नाहीत. मीही बघायला गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाऊ?

तर हे कोणालातरी सांगायचं होतं. समोर बसून. एवढंच.

चिठ्ठी घेऊन यादीतले उरलेले बारा पालथे घातले. राहिलं एक नाव. एक बाई, मोठ्या दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, दर मंगळवारी. वरच्या टेबलावरच्या मुलीने वही उघडली, पानं उलटली, उलटली, वही संपली, दुसरी काढली. "सात महिन्यांनंतरची तारीख देते."

"सात महिने? तोवर मी काय करू?"

"तोवर मोजू नका," ती म्हणाली.

साहेबांना तारखेचा कागद दाखवला. ते म्हणाले, "सात महिने? बरं. ड्युटी चालूच ठेवा, माझ्याकडे दुसरा माणूस कुठाय? फक्त एक करायचं. पाटीचा आकडा आणि तुमचा आकडा वेगळा आला की पाटीचा खरा. शिट्टी मारायची नाही. समजलं?"

म्हटलं, समजलं.

आणि तुम्हाला खोटं वाटेल, जमलं मला! पाटीवर एकवीस, पाण्यात बावीस, म्हणायचं, हो रे बाबा, तू आहेस, पोह. पाटीवर तीस, पाण्यात एकतीस, पोह. लोक खूश, मैत्रिणींचं बोलणं पूर्ण व्हायला लागलं, घरी ताटं बायको मांडायची. दीड महिना असा काढला. एक जास्त येतो, येतो, येऊ दे! माणसाला कसली सवय होत नाही? सवय झाली, हेच वाईट झालं.

मग तो गुरुवार. संध्याकाळची बॅच, आभाळ आलेलं, पाणी काळपट. पाटीवर तेवीस. मी मोजले. पंचवीस.

पुन्हा मोजले. पंचवीस.

घाम फुटला मला. म्हटलं, वाढला आजार! आता गुलाबी फॉर्म... तो तर मिळत नाही! पाटीचा आकडा खरा, पाटीचा आकडा खरा, असं पुटपुटत खुर्चीचे हात धरून बसलो. साहेबांनी बजावलंय, शिट्टी मारायची नाही. मिनिटभर बसलो असेन. तिसऱ्यांदा मोजले, चोवीस. आणि मग डोक्यात आलं, की अरे, हा आपला एक तर नेहमीचा. तो कधी कमी होत नाही, कधी वाढत नाही, चार महिने बघतोय त्याला. मग हा दुसरा मघाशी होता कोण? आणि आत्ता गेला कुठे?

शिट्टी नाहीच मारली. थेट उडी. कपड्यांसकट, चपलांसकट, खोल बाजूला. आणि तळाला हाताला दंड लागला. जाडजूड दंड, ढिला पडलेला. ओढला वर. चाळिशीचा दणकट गडी, काळी चड्डी, मी जन्मात न पाहिलेला. काठावर घेतला, पालथा केला, दाबला, पाठीत रट्टे घातले, आणि ओकला एकदाचा पाणी! दातांचे डॉक्टर धावले. पासवाली ताई धावली आणि ओरडली, "हा माझ्या गेटने आलेलाच नाही!"

तेवढ्यात ऑफिसचं दार उघडून साहेब पळत आले, ओल्या फरशीवर घसरत, आणि त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन रडायलाच लागले. "अरे, तुला सांगितलं होतं ना कडेकडेने राहा म्हणून! आता तुझ्या बहिणीला काय तोंड दाखवू मी!"

मेव्हणा! साहेबांचा मेव्हणा! ऑफिसच्या दारातून आत सोडला होता, पास नाही, नोंद नाही, पाटीवर नाही. आणि मला सांगतात, पाटीचा आकडा खरा!

मेव्हण्याला गाडीत घालून नेलं, वाचला तो. बाकीचे सगळे भिंतीला लागून उभे. मी मोजले. तेवीस. पाण्यात बघितलं. पाणी रिकामं व्हायला हवं होतं ना? तुम्हाला सांगतो, मी नीट बघितलं.

एक होता.

असो. साहेबांनी दुसऱ्या दिवशी मोठं पत्र लिहिलं. मेव्हण्याचं नाव नाही बरं का त्यात. 'गेटवरील नोंदीत चूक होती, जीवरक्षकाची मोजणी अचूक होती, त्यामुळे एक जीव वाचला.' मी म्हटलं, साहेब, मी पंचवीस मोजले होते. होते चोवीस. ते म्हणाले, "चोवीसच मोजलेत तुम्ही. वादच नाही!" आणि त्या पत्राची प्रत गेली विम्याला. का? तर मला सर्टिफिकेट लागणार नाही, हे कळवायला. साहेबांचा चांगुलपणा!

विम्याचं उत्तर आठवड्यात आलं. चार महिन्यांत जे ऑफिस जागचं हललं नाही, ते आठवड्यात! 'आपल्याला जास्त दिसणारी व्यक्ती प्रत्यक्षात होती असे सिद्ध झाल्याने आपण आजारी नाही. सबब आपली तारीख रद्द करण्यात येत आहे.'

बायकोने पत्र वाचलं. म्हणाली, "चला, सुटलात!" आणि मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो... सुटलात ना?"

मी पुढच्या मंगळवारी तसाच गेलो तिसऱ्या मजल्यावर. बाकावर ओळीने माणसं, एकही बोलत नाही. दाराशी उभा राहिलो. दोन पेशंटच्या मध्ये त्या बाई दारात आल्या, हातात पाण्याची बाटली. बारीक, पिकलेल्या केसांच्या. म्हणाल्या, "तुमचं नाव नाहीये आजच्या यादीत."

म्हटलं, "यादीतच नाही माझं नाव. मी बरा झालोय, विम्याने कळवलंय."

त्या हसल्या नाहीत. मला नीट बघितलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी नीट बघितलं. म्हणाल्या, "बोलायचंय?"

मी मान हलवली.

"मला आत्ता घेता येत नाही हो तुम्हाला. ही सगळी बसलीयेत, त्यांच्यातली काही पहाटे निघालीयेत घरून. पण पुन्हा अर्ज करा. ह्या वेळी मोजण्याबद्दल लिहू नका. जे झालं, ते लिहा."

"आणि तोवर?"

त्यांनी बाकाकडे बघितलं. "तोवर घरात कोणाला तरी सांगा," म्हणाल्या, आणि आतून कोणीतरी रडायला लागलं, तशा वळल्या.

गेलो खिडकीवर. पांढरा फॉर्म. तक्रारीसाठी एकच ओळ असते, तीसुद्धा आखूड. पुरली मला. लिहिलं, 'त्या दिवशी मी मोजलं नव्हतं.'

खिडकीतल्या माणसाने वाचलं, ह्या वेळी मनातल्या मनात. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा वाचलं. वही काढायला हात घातला आणि तसाच मागे घेतला. म्हणाला, "साहेब, ही तक्रार नाही. ही कबुली आहे. कबुली विम्यात बसत नाही." मग पुढे वाकला, आवाज बारीक केला. "तुम्ही म्हणत असाल तर घेतो. पण ह्याची एक प्रत तुमच्या ऑफिसला जाते. नियम आहे. देऊ पुढे?"

फॉर्म त्याच्या हातात, दुसऱ्या हातात शिक्का. मागे रांग. मुलीचं कॉलेज अजून दोन वर्षं. मी म्हटलं, द्या इकडे. घडी घालून खिशात ठेवला. बायकोला सांगायचंय. आज सांगतो, उद्या सांगतो... ती हल्ली खूश असते हो, तिला वाटतं संपलं सगळं.

तलाव जोरात चाललाय. मेव्हण्याच्या प्रकरणाने साहेब इतके हादरलेत की त्यांनी नवीन नियम काढलाय. गेटने आकडा लिहायचाच नाही! मी खुर्चीवरून मोजायचं, मी सांगेन तो आकडा ताईने पाटीवर लिहायचा, तोच रजिस्टरात. परवा सकाळची बॅच. ताई खिडकीतून ओरडली, "मामा, किती लिहू?" मी मोजले. अठरा पास गेले असणार, मला कळतं ना. पण तिने विचारलं, किती दिसतात. म्हटलं, एकोणीस. तिने लिहिले एकोणीस. मी पाटीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं... जुळलं! रोज जुळतं आता. साहेब खूश, गेट खूश, विमा खूश. दातांचे डॉक्टर म्हणतात, मामा, तुमची तब्येत सुधारली.

सुधारली असेल! एक जास्त येत नाही आता. म्हणजे... येतो हो, येतो. रोज येतो. पण जास्त कसं म्हणायचं त्याला? रजिस्टरला नोंद आहे त्याची!